मला ऐकू न आलेले उत्तर

या सदरातले अनुभव मी नियमित वाचतो आणि त्यांपैकी बहुतेकांवर विश्वास ठेवत नाही. धम्मदीक्षेनंतर माझ्या वडिलांनी देव, अंगारे, गंडेदोरे, भूतबाधा हे सारे घराबाहेर काढले; ते पुन्हा आत आले नाही. पुढे मी सारी नोकरी विज्ञान शिकवण्यात घालवली. भूत उतरवणाऱ्या एका बाबाला शाळेच्या पटांगणातून हाकलून दिल्याबद्दल गावातली दोन-चार घरे आजही माझ्याशी बोलत नाहीत. त्याचे मला दुःख नाही.

पुढे लिहितो ते भुताविषयी नाही. ते लांडग्याविषयी आहे... निदान मी तसे समजतो.

मी जालना जिल्ह्यात, टेंभुर्णीला राहतो. गोष्ट दोन हिवाळ्यांपूर्वीची. जागा टेंभुर्णीपासून मोटारसायकलीने अर्ध्या तासावर आहे. गावाचे नाव मुद्दाम देत नाही. नाव कळले की लोक मोबाइल घेऊन पाहायला जातात. ते एक गायरान आहे. मधोमध उघडा, सपाट माथा. माथ्याच्या पूर्वेला एक उतार, पश्चिमेला दुसरा, दोन्ही मुरमाचे. खाली ओढा, ओढ्यापलीकडे हरभरा आणि ज्वारी. आवाज परतवील असा कडा किंवा भिंत आसपास नाही. हे लक्षात ठेवावे.

माझ्या धाकट्या भावाची मुलगी सुजाता वन्यजीवांवर संशोधन करते. त्या हिवाळ्यात ती माळावरच्या लांडग्यांची पाहणी करत होती. एक मादी तिथे व्यायली आहे, एवढे तिला नक्की ठाऊक होते. कोणत्या उतारावर, ते ठाऊक नव्हते. बिळे दोन्हीकडे होती. आणि रस्त्याच्या कामासाठी तिथला मुरूम काढायला पोकलेन दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होते. वनखात्याचे म्हणणे असे, की पिलांची जागा दाखवा, तेवढा भाग सोडायला लावतो. नुसत्या अंदाजावर काम थांबवता येत नाही. त्यात गैर काही नव्हते. पण पिलांचे डोळे अजून उघडलेले नसणार. बीळ खणले गेले, की विषय संपला.

बिळांत डोकावत फिरणे सुजाताला मान्य नव्हते. माणसाचा वावर वाढला की मादी बिथरते, असे ती म्हणाली. अशा वेळी एक पद्धत वापरतात. एका माणसाने लांडग्यासारखी लांब हाक द्यायची. जवळपास लांडगा असला तर तो कधीकधी उत्तर देतो. तीन बाजूंना तीन ऐकणारे उभे करायचे. प्रत्येकाने उत्तराची दिशा टिपायची. नकाशावर तीन रेषा जिथे एकमेकींना छेदतात, तिथे जनावर. हाक देणाऱ्याने दिशा टिपायची नसते, कारण त्याच्या कानांत त्याचाच आवाज घुमत असतो.

मी तिथे केवळ तिचा डबा घेऊन गेलो होतो. पाहिले तर दोन संध्याकाळी हाका देऊन पोरीचा घसा पार बसलेला.

“मोठे बाबा, आज तुम्ही द्या हाक,” ती म्हणाली.

“मी?”

“तुमचं ‘सावधान’ शाळेतून बसस्टँडपर्यंत ऐकू यायचं.”

“ते विद्यार्थ्यांसाठी होतं.”

तिच्यासोबत रफिक नावाचा वनरक्षक होता. माझाच जुना विद्यार्थी. तो म्हणाला, “सर, मी काल बोंबलून बोंबलून थकलो. एक कोल्हं जवाब देईना. तुम्ही नुसतं खाकरले तरी आम्ही बराबर लाईनीत यायचो. लांडगा बी येईल.”

“तू कधीच लाईनीत नव्हतास,” मी म्हटले.

तिसरा माणूस बिरूबा. मेंढपाळ, माझ्याच वयाचा. त्याच्या मेंढ्यांचा वाडा ओढ्याकाठी बसला होता. लांडग्याने त्याची तीन कोकरे नेली होती. जनावर कुठे आहे ते कळले तर वाडा दुसरीकडे हलवावा, एवढ्यासाठी तो ऐकायला तयार झाला होता. हाक द्यायला मात्र नाही.

“मी न्हाई वरडणार, बाई. माझीच मेंढरं, आन् मीच त्याला जेवायला बोलवू व्हय?”

मग मी तयार झालो. ते काम मला शोभणारे नव्हते. पण दुसरे कोणी नव्हते आणि सकाळी मशीन येणार होते.

सुजाताने वाड्यामागे माझी तालीम घेतली. हाक छातीतून काढायची. सुरुवात खालून, मग सूर चढवायचा, धरून ठेवायचा आणि सावकाश सोडायचा. पहिल्या प्रयत्नात मला खोकला आला. दुसऱ्या वेळी चुलीजवळ बसलेली बिरूबाची बायको उठून आली.

“काय झालं मास्तरला? पोटात दुखून राह्यलं का?”

“ते लांडगा व्हायला शिकून राह्यले,” रफिक म्हणाला.

“मंग रडून कशाला राह्यले? बसा मास्तर, गरम भाकर टाकते.”

सगळे हसले. मी हसलो नाही. तिसरी हाक बरी झाली असावी, कारण बिरूबाचे दोन्ही कुत्रे उठून माझ्यावर भुंकू लागले.

सूर्य टेकण्याच्या सुमारास आम्ही जागा घेतल्या. मी माथ्यावर एकटा. सुजाता पूर्वेला, रफिक पश्चिमेला, बिरूबा दक्षिणेला आपल्या कुत्र्यांसह. तिघेही माझ्यापासून चांगलेच दूर. पण उजेड होता आणि तिघेही मला दिसत होते. सुजाता आणि रफिक यांच्याकडे होकायंत्र होते. बिरूबाने आपली काठी उत्तराच्या दिशेने जमिनीवर आडवी ठेवायची, असे ठरले. कोणी कोणाला हाक मारायची नाही, खूण करायची नाही. एकाचे पाहून दुसऱ्याने दिशा ठरवू नये म्हणून हा नियम.

मी पहिली हाक दिली. आपला आवाज इतका लांब जातो, हे मला निवृत्तीनंतर प्रथमच जाणवले. थोड्या वेळाने ओढ्याकडून कोल्हेकुई झाली. मला ती स्वच्छ ऐकू आली. वाड्यातल्या मेंढ्यांच्या गळ्यातली घंटी ऐकू आली. दूर रस्त्यावर कोणीतरी मोटारसायकलचा गिअर बदलला, तेही ऐकू आले. लांडग्याचे उत्तर नाही.

शांततेचा ठरलेला वेळ संपल्यावर मी दुसरी हाक दिली. ही पहिलीपेक्षा लांब झाली. मग उभा राहिलो. वारा नव्हता. एक टिटवी ओरडत डोक्यावरून गेली. त्यानंतर काही नाही.

काही नाही, असे मी ठामपणे लिहितो.

पण तेवढ्यात सुजाता खाली वाकलेली दिसली. मग रफिक. बिरूबाने काठी जमिनीवर ठेवली. उत्तर आले, इतके मला कळले. म्हातारपणाचे कान, दूरचे उत्तर निसटले असेल, असे मी मनाशी म्हटले. काम झाल्याचे मला समाधान वाटले.

मी प्रथम बिरूबाकडे गेलो. त्याची काठी सरळ माथ्याकडे रोखलेली होती.

“बिरूबा, माझी दिशा दाखवायची नव्हती. उत्तराची दाखवायची होती.”

“उत्तराचीच हाय.”

“तिथे मी उभा होतो.”

“ते मला दिसत व्हतं की. तुमी वरडले, मंग गप झाले. मंग ते वरडलं. तुमच्यापाशीच.” त्याने लांडग्याचे नाव घेतले नाही; मेंढपाळ सांजवेळी ते घेत नाहीत.

“माझाच आवाज असेल तो.”

“मास्तर, उभा जन्म ह्या माळानं गेला माझा. माणसाचं वरडणं आन् त्याचं वरडणं कळत न्हाई व्हय मला?” मग आवाज उतरवून तो म्हणाला, “आन् तुमी तर मान वळवून मागं बघितलं की.”

मी मागे पाहिले नव्हते. निदान मला तसे आठवत नाही.

त्याचे दोन्ही कुत्रे त्याच्या पायांशी बसले होते. माझ्या दोन्ही हाकांना ते गुरगुरले होते. त्या उत्तराला गुरगुरले नाहीत, असे तो म्हणाला.

सुजाता आणि रफिक दोन बाजूंनी आले.

“मोठे बाबा, मधेच तुम्ही तिसरी हाक दिलीत का?”

“नाही.”

“सहज दिली असेल तर सांगा. मी रागावणार नाही.”

“सुजाता, मी नाही म्हणालो.”

तिने नकाशा काढला. तिची दिशा माथ्याची. रफिकची दिशा माथ्याची. नकाशा पसरला तेव्हा तिन्ही रेषा मी जिथे उभा होतो तिथे मिळाल्या. इतका नेमका छेद पूर्वी कधी मिळाला नव्हता, असे ती म्हणाली. तिच्या आवाजात आनंद नव्हता.

“सर, तुमच्यातच शिरलं की काय जनावर?” रफिक म्हणाला. त्याला हसायचे होते, जमले नाही.

उजेड होता तोवर आम्ही चौघे माथ्यावर गेलो. तिथे अखंड पाषाण आहे. बीळ नाही, झुडूप नाही, ससा लपेल इतकाही आडोसा नाही. कठीण खडकावर पावले उमटत नाहीत. तेव्हा पावलांचा पुरावा इकडेही नाही आणि तिकडेही नाही.

आता प्रश्न अहवालाचा होता. रफिकला साहेबांना फोन करायचा होता. सुजाता खडकावर बसली.

“हे धरता येणार नाही,” ती म्हणाली. “हाक देणाऱ्याच्याच जागेवर छेद आला. कोणीही म्हणेल, तिघांनी त्यालाच ऐकलं. चाचणी रद्द.”

“रद्द केली तर?”

“तर सकाळी पोकलेन येईल. पूर्वेकडून लागेल नाहीतर पश्चिमेकडून. ड्रायव्हरची मर्जी.”

खोटे बोलायला तिने मला सांगितले नाही. मी खोटे लिहायला सांगितले असते तर तिने लिहिलेही नसते. ती आमच्या घरची आहे.

मी थोडा विचार केला. मग म्हटले, “ऐकणारे किती?”

“तीन.”

“तिघांनी ऐकले?”

“हो.”

“हाक देणाऱ्याचे ऐकणे धरतात?”

“नाही.”

“मग तिघांनी जे ऐकले ते सांगा. हाक देणाऱ्याला काही ऐकू आले नाही, हेही सांगा. त्याने तिसरी हाक दिली नाही, हेही सांगा. त्याला मी जबाबदार. बाकीचे साहेबांनी ठरवावे.”

रफिकने तिथूनच फोन लावला. काहीही न लपवता, जसेच्या तसे सांगितले. “न्हाई साहेब, बिलकुल जवळून... हो, तिघांनी... सरांना न्हाई आलं ऐकू... माथ्यावर, साहेब, मधोमध.” पलीकडून बराच वेळ काही बोलणे झाले. फोन ठेवून तो म्हणाला, “साहेब म्हणले, पॉइंट मिळाला ना, मंग पॉइंटच्या चारी बाजूनं ठरलेलं अंतर सोडायला लावा. कॅमेरे लावा. पिल्लं दिसेपर्यंत मशीन आत न्हाई.”

सुजाताने नकाशावर माथ्याभोवती वर्तुळ काढले. पूर्वेचा उतार त्यात आला. पश्चिमेचाही आला.

चार-सहा दिवसांनी कॅमेऱ्यात पूर्वेच्या उतारावर मादी दिसली. आठवड्यानंतर तीच मादी एकेक पिलू तोंडात धरून माथा ओलांडून पश्चिमेच्या उतारावर नेताना दिसली. लांडगी पिलांची जागा अशी बदलते. त्यात नवल नाही, असे सुजाता सांगते. पूर्वेकडून उत्तर आले असते तर केवळ पूर्वेचा उतार सुटला असता. पिले पश्चिमेला गेली तेव्हा पश्चिमेला मशीन चालू असते. ठेकेदाराने मुरूम दुसरीकडून आणला. पिले वाढली. बिरूबाने वाडा हलवला आणि त्याचे चौथे कोकरू गेले नाही.

यात कोणाची कृपा वगैरे मी पाहत नाही. वाचकांनीही पाहू नये.

मला दिसतो तो प्रश्न वेगळा आहे. मी तो हर प्रकारे तपासला. सुजाताला घेऊन पुन्हा त्या माथ्यावर गेलो, त्याच वेळी, तशाच निवांत हवेत. आवाज परत येत नाही. जालन्यात कानांची तपासणी करून घेतली. वयाच्या मानाने कान चांगले आहेत, असे डॉक्टर म्हणाले. तिघांनी मिळून माझी गंमत केली म्हणावे, तर फोनपूर्वी सुजाताचा चेहरा मी पाहिला आहे.

राहिले ध्वनिमुद्रण. सुजाताचे यंत्र त्या वेळी चालू होते. ते मी ऐकले, एकदा नव्हे. त्यात माझी दुसरी हाक आहे. नंतर शांतता आहे. टिटवी आहे. आणि त्यानंतर एक लांब, चढत जाणारा, हळूच उतरणारा सूर आहे. तो माझ्या हाकेइतकाच मोठा आहे, म्हणजे तितक्याच अंतरावरून आलेला. तो माझा नाही. मला तितका वेळ श्वास धरता येत नाही.

यंत्रावर तो मला स्पष्ट ऐकू येतो. टिटवी ऐकली त्या कानांनीच ऐकू येतो. त्या संध्याकाळी, तो जिथून आला तिथे उभा असताना, मला तो ऐकू आला नाही. याचे उत्तर माझ्याकडे नाही. कोणा वाचकाकडे असल्यास कळवावे. भुताखेताचे कळवू नये.

या हिवाळ्यात पाहणी पुन्हा आहे. सुजाताने विचारले, मोठे बाबा, याल ना हाक द्यायला? मी येतो म्हणालो. हाक मात्र दुसऱ्या कोणी द्यावी, असे तिला सांगितले आहे. मला ऐकणाऱ्यांत उभे राहायचे आहे.