गोदामावशींची बोललेली कोंबडी

दुपारी पाऊण वाजला की आमच्या फाटकाची कडी वाजायची आणि बाहेरून आवाज यायचा, "भाऊ, झोपले का? आता थे वरडन बरं. दचकू नका." नुकताच डोळा लागलेला मी दचकून उठायचो. मग दहा मिनिटांनी शेजारच्या अंगणातली कोंबडी ओरडायची. म्हणजे कोंबडीने जी झोप एकदाच मोडली असती, ती गोदामावशींमुळे दोनदा मोडायची, आणि तीही माझ्या काळजीपोटी. अशा माणसावर रागवायचं तरी कसं, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

मी सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालो. जन्मभर खुर्चीत चोरून घेतलेली दुपारची झोप आता हक्काने घ्यायची, एवढीच माझी पुढची योजना होती. त्यासाठी वाशीमच्या या शांत कॉलनीत घर बांधलं. वर्षभरात शेजारच्या प्लॉटवर गजानन नावाच्या तरुणाने दोन खोल्या उठवल्या आणि इंझोरी गावाहून आईला आणलं. त्याच गोदामावशी. ठेंगण्या, काटक, नऊवारीचा पदर कमरेला खोचलेला. उन्हाळ्यात साऱ्या कॉलनीचे कुरड्या-पापड त्यांच्याच हातचे. पुढे गजाननने आपल्या पसंतीच्या मुलीशी लग्न केलं. मावशी लग्नाला गेल्या नाहीत. तो बायकोला घेऊन पुण्याकडे कंपनीत निघून गेला आणि त्यानंतर मायलेकरांचं बोलणं बंद झालं. काही महिन्यांनी मावशी गावी गेल्या आणि येताना ही काळी कोंबडी घेऊन आल्या. तिच्या पायात हळदीत भिजवलेला दोरा होता.

कोंबडी कसली, भोंगाच होता तो. अंडं घातलं की अर्धा तास साऱ्या कॉलनीला कळवायची. आणि आवाज थांबला की मावशी ते ऊन ऊन अंडं आमच्या फाटकावर आणून द्यायच्या. "तरास झाला तुमाले, घ्या." आमच्या घरी अंडं चालत नव्हतं. ते माझ्या नकळत कधी चालू लागलं, हे मला बायकोने आजवर सांगितलेलं नाही.

कॉलनीची बैठक झाली. सचिव मीच, त्यामुळे सांगायला जाणं माझ्याच गळ्यात पडलं. मी म्हटलं, "मावशी, लोक तक्रार करतात. कोंबडी गावी पाठवून द्या."

"कशी धाडू भाऊ? इंझोरीच्या म्हसोबाले बोललेली हाय थे. बोललेली कोंबडी इकता येत नाई, कोनाले देता येत नाई."

"काय बोललात म्हसोबाला?"

त्या खाली पाहत म्हणाल्या, "माहा गजानन सुनेले घेऊन आपल्या मनानं या घरात आला, का कोंबडी तुह्या पायाशी आनीन म्हटलं. लग्नाले गेली नाई, थे चूक माही. पन मी बलावलं आन् थो नाई आला, तर मंग?"

मी परत आलो आणि बैठकीला सांगितलं की देवाचा मामला आहे. विषय तिथेच थांबला. मावशींनी मात्र आपल्या परीने उपाय केले. खुराड्यावर गोणपाट टाकलं, ते ओलं करून पाहिलं, शेवटी दुपारभर तिच्याजवळ बसून समजूत काढू लागल्या. "हळू वरड वं माय, भाऊ झोपले हायेत." भिंतीच्या अलीकडे मी टक्क जागा असायचो.

आता मी जे केलं ते सांगतो. सांगायला जड जातं. मावशींच्या भिंतीवर गजाननचा नंबर लिहिलेला होता, तोही माझ्याच अक्षरात. विसरू नये म्हणून त्यांनी तो माझ्याकडून लिहून घेतला होता, पण लावला एकदाही नव्हता. एका दुपारी झोपमोड झाल्याच्या तिरमिरीत मी तो लावला आणि म्हटलं, "गजानन, आईची तब्येत बरी नाही. ये." वाटलं, पोरगा येईल, नवस फिटेल, कोंबडी जाईल. सगळ्यांचंच भलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बायकोसह दारात उभा राहिला. मावशी अंगणात भांडी घासत होत्या. राखेचे हात तसेच धरून त्या उठल्या. मग त्यांनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, सुनेच्या पायावर पाणी घातलं. थोड्या वेळाने पाटोडीच्या भाजीचा वास आमच्या घरात आला. कॉलनीत कुजबुज झाली की सुटलो एकदाचे. मीही स्वतःवर खूश होतो.

पाऊण वाजता कडी वाजली.

"भाऊ, फोन तुमी केला व्हता?"

मी मान हलवली.

"मी बिमार हाय म्हून?"

मी पुन्हा मान हलवली. मला वाटलं, आता शिव्या बसणार. बसल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या शांतपणे म्हणाल्या, "मंग हे येनं धरता येत नाई भाऊ. थो मले पाहाले नाई आला, मी मरून राह्यली म्हून आला. म्हसोबाले काय सांगू?"

"म्हसोबाला मी सांगतो, चूक माझी आहे म्हणून."

त्यावर त्या हसल्या. "देव काय तुमच्या हापिसातला सायब हाय?" आणि जाता जाता, रोजच्या सवयीने, "आता थे वरडन बरं."

संध्याकाळी गजानन निघाला. माझ्या फाटकाशी थांबून एवढंच म्हणाला, "काका, कोंबडीच्या त्रासापायी आजाराची खोटी खबर देत जाऊ नका." त्याच्या आईच्या मनात काय आहे, ते माझ्या तोंडाशी आलं होतं, सांगू शकलो असतो. मान खाली घालून उभा राहिलो.

त्यानंतर दोन वर्षं कोंबडी ओरडत राहिली, कडी वाजत राहिली. मी तक्रार बंद केली. बैठकीत कोणी विषय काढला तर दुसरंच काही सुरू करायचो.

मागच्या हिवाळ्यात एका दुपारी मी खरोखर दचकून उठलो. कोंबडी ओरडत होती आणि त्याआधी कडी वाजली नव्हती. मी तसाच अनवाणी शेजारी गेलो. मावशी चुलीपाशी आडव्या झाल्या होत्या, छातीवर हात दाबून. शेजाऱ्यांच्या गाडीतून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पोराला बोलावून घ्या म्हटलं.

मी गजाननला फोन केला. पलीकडून त्याचा आवाज, "काय काका, कोंबडीचा पुन्हा त्रास होऊन राह्यला का?"

मी शपथा घातल्या. "पाहतो," म्हणून त्याने फोन ठेवला. पुन्हा लावला, उचलला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मी डॉक्टरांच्या फोनवरून लावला आणि त्यांनाच बोलायला सांगितलं, तेव्हा तो निघाला. मी मावशींच्या कानाशी वाकून म्हटलं, "गजानन निघालाय. फोन केला मी."

त्यांनी डोळे उघडले. "काहून केला भाऊ? या खेपेले आला असता थो, आपल्या मनानं."

माझ्याशी त्यांचं तेच शेवटचं बोलणं. पहाटे त्या गेल्या आणि गजानन सकाळी पोचला.

तेरवी झाल्यावर घराला कुलूप लावताना तो म्हणाला, "काका, हिचं काय करू? सोडून देऊ कुठं?" मी खुराडं उचललं आणि आमच्या अंगणात आणून ठेवलं.

कोंबडी आता म्हातारी झाली आहे. अंडं आठवड्यातून एखादं, ओरडणं मात्र रोजचं. गजाननचा नंबर माझ्याकडे आहे. तो एक दिवस येईल आणि हिला इंझोरीला नेईल, अशी वाट मी पाहतो. फोन मात्र करत नाही.

गेल्या आठवड्यात आमच्या दुसऱ्या बाजूच्या घरात एक भाडेकरू आले. रात्रपाळीचे आहेत, दुपारी झोपतात. दोन दिवस कळ काढून तिसऱ्या दिवशी आले. "काका, ही कोंबडी कधी जाणार?"

"बोललेली आहे हो ती," मी म्हटलं.

"मग नवस कधी फिटणार?"

जन्मभर मी लोकांच्या अर्जांना उत्तरं लिहिली. तो नवस मीच फिटू दिला नाही, हे उत्तर मात्र मी दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी पाऊण वाजता मी चपला घातल्या, त्यांच्या फाटकाची कडी वाजवली आणि म्हटलं, "झोपलात का? आता ती ओरडेल बरं. दचकू नका."