धुरपताबाईचा पहिला शब्द

लातूर वेगळा जिल्हा झाला, त्या सुमारच्या दुष्काळात औशाजवळच्या तलावाच्या कामावर सुरुंगाचा दगड उडून धुरपताबाईच्या डोक्यात बसला. जीव वाचला, पण वाचा गेली आणि उजवा हात लुळा पडला. लेक कावेरी घास भरवायला बसली की ती चिडून ताट भिरकावायची. कावेरीही चिडायची, रडायची आणि पुन्हा भाकर कुस्करायची.

एक दिवस कामावरचा मुकादम दारात आला. म्हणाला, "सुरुंग उडवायच्या आधी शिट्टी वाजवली होती. तुझी मायच हटली न्हाई."

"मी तिथंच होते. शिट्टी वाजलीच न्हाई!" कावेरी ओरडली.

"पोरीचं कोण ऐकतंय?" मुकादम हसला.

तेवढ्यात खाटेवरून घोगरा आवाज आला, "खोटं!"

डावा हात मुकादमाकडे रोखून धुरपताबाई तोच शब्द ओरडत राहिली. तो निघून गेला तरी ती थांबेना, आणि कावेरीने तिला थांबवलंही नाही.