बाळूदादांनी उचललेलं दार

बाळूदादा भोईर कोणत्याही गाडीजवळ गेले की आधी तिचं दार उघडायचे, खालून दोन बोटं घालून ते हळूच वर उचलायचे आणि मान तिरकी करून ऐकायचे. गाडी कुणाची, हे बघायचे नाहीत. एकदा कडाव गावात नवरदेवाची फुलं लावलेली गाडी मांडवापुढे थांबली. नवरदेव उतरला, वऱ्हाड वाजतगाजत पुढे गेलं आणि दादा मागे राहून दार वरखाली करत बसले. ड्रायव्हर चिडला, तर दादा शांतपणे म्हणाले, "बिजागरी ढिली हाय. नवरीला या बाजूनं बसवू नको."

कुंभिवलीजवळच्या एका कारखान्यात ते चेकर होते. तिथे छोटे टेंपो बनत. प्रत्येक केबिन त्यांच्या हाताखालून जाई आणि पसंत पडली तरच तिच्या कागदावर त्यांच्या नावाचा शिक्का बसे. पातळ सुती हातमोजा घालून ते पत्र्यावरून तळवा फिरवायचे, तेव्हा डोळे भलतीकडेच असायचे. "रंग बघायला डोळे पुरतात रं, जोड बघायला हात लागतो," असं म्हणायचे. त्यांनी नापास केलेली केबिन पुढे सरकवायची हिंमत कुणाची नव्हती. त्यांचे साहेब, सरपोतदार, मात्र त्यांच्यावर कायम नाराज. दादा गाड्या अडवून धरत आणि साहेबांचा महिन्याचा आकडा हुके.

दहा वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या भावाने, सुभाषने, त्याच कारखान्याचा टेंपो घेतला. आमचा दुधाचा धंदा. खोपोलीच्या हॉटेलांना दूध पोचवून तो परत येत होता. एका वळणावर त्याच्या बाजूचं दार बिजागरीसकट निखळलं. भाऊ दारावर कोपर टेकून बसला होता, तो दाराबरोबरच रस्त्यावर गेला. मागचं चाक त्याच्या उजव्या हातावरून गेलं. कोपरापासून हात काढावा लागला.

चौकशी झाली. त्या केबिनच्या कागदावर दादांचा शिक्का होता. दादा सांगत राहिले, "त्या दिवशी मी भाताच्या लावणीला रजेवर व्हतो. माझा शिक्का साहेबांच्या कपाटात व्हता." पण त्यांचा रजेचा अर्ज कारखान्यात सापडला नाही. दादांना काढून टाकलं. सरपोतदार साहेबांना पुढे बढती मिळाली.

आम्ही शिक्क्यावर विश्वास ठेवला, माणसावर नाही. दादांचं घर आमच्याच आळीत, पण आमच्या घरातलं कुणी त्यांच्याशी बोलेना. मी तर त्याहून पुढे गेलो. त्यांच्या मुलीचं लग्न नेरळच्या एका घरात जमत आलं होतं. मी मुलाच्या वडिलांना गाठलं आणि सांगितलं, ज्या माणसामुळे माझा भाऊ अपंग झाला, त्याच्या घरची मुलगी तुम्ही करताय. लग्न मोडलं. तेव्हा मला बरं वाटलं होतं, हे लपवत नाही. पुढे त्या मुलीचं लग्न लांब चंद्रपूरकडे झालं आणि दादांना नातवंडं वर्षातून एकदा दिसू लागली.

दादा खोपोलीत एका वर्कशॉपमध्ये खिडक्यांच्या जाळ्या बनवू लागले. कुणी कारखान्याचा विषय काढला की एवढंच म्हणत, "साहेब कुठं जातोय? तो तिथं हाय, मी हितं हाय." हे ते इतक्या थंडपणे म्हणत की विषय तिथेच संपे.

गेल्या वर्षी कारखान्याने विजेवर चालणारी पिकअप गाडी काढायचं ठरवलं. ती विक्रीला येण्याआधी एक नमुना गाडी लोकांना दाखवायची होती. आमचा गाडीवेड्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, कर्जत-खालापूरकडचे तीस-चाळीस जण. आम्हाला आमंत्रण आलं, या, हवी तशी बघा, मनात येईल ते विचारा. जाणाऱ्यांच्या नावांची यादी मी करत होतो. दुधासाठी मलाही तशी गाडी हवी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी दादा आमच्या अंगणात येऊन उभे राहिले. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

"विलास, तुझ्या त्या यादीत माझं नाव घाल," ते म्हणाले. "अन् सुभाषला पण आण."

मी नाही म्हणणार होतो. पण भाऊ घरातून ऐकत होता. तो आतूनच म्हणाला, "घाल रं नाव. बघू तरी, काय बघतोय तो."

कारखान्याच्या आवारात मंडप घातला होता आणि मध्ये ती निळी पिकअप उभी होती. आमची मंडळी तिच्यावर तुटून पडली. एकाने बॉनेटच्या फटीत नाणं सरकवून दाखवलं, की डावीकडे शिरतं, उजवीकडे शिरत नाही. दुसरा डॅशबोर्ड दाबून त्याची करकर मोबाईलमध्ये टिपत होता. चार्जिंगचं झाकण पुरतं बसत नव्हतं, मागचं फळकं एका बाजूला झुकलं होतं. सगळ्यांचे मोबाईल चालू होते. सरपोतदार साहेब हसतमुखाने फिरत होते. "नमुना आहे हो. विक्रीच्या गाडीत यातलं काही राहणार नाही," ते प्रत्येकाला सांगत होते.

दादा अर्धा तास बाजूला उभे होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले होते. माझ्याजवळ सरकून हळूच म्हणाले, "फटी मोजू दे त्यांना. मला साहेबाचा घाम बघायचाय." मग ते पुढे झाले, ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं, खालून दोन बोटं घातली आणि वर उचललं. दार किंचित हललं. दादांनी चौकटीवरचं रबर ओढायला सुरुवात केली.

"अहो, त्याला हात लावू नका," साहेब धावत आले.

"असू द्या की साहेब," आमच्यातला एक जण म्हणाला. "हवी तशी बघा म्हणाला होतात ना?"

मोबाईल तिकडे वळले. साहेबांनी दादांकडे नीट पाहिलं आणि त्यांचं हसू गेलं.

"वळख दावू नका," दादा म्हणाले. "एवढंच सांगा. बिजागरीमागच्या पट्टीला वेल्डिंगचे टिपके किती असतात?"

"पाच," साहेब म्हणाले. "सगळ्यांना माहीत आहे."

दादांनी रबर पूर्ण काढलं. मग मागे वळून नऊ वर्षांत पहिल्यांदा माझ्या भावाला हाक मारली. "सुभाष, इकडं ये. तू मोज."

भाऊ पुढे गेला. त्याने डाव्या हाताचं बोट पट्टीवरून वरून खाली फिरवलं, मग पुन्हा एकदा फिरवलं. "तीन," तो म्हणाला.

"तुझ्या टेंपोला पण तीनच व्हते, चौकशीत मी मोजलेवते," दादा म्हणाले. "आता साहेब, या गाडीचा कागद दाखवा. कुणी पास केली?"

इतक्या मोबाईलपुढे नाही म्हणायची सोय नव्हती. कागद आला. त्यावर पवारबाईंचा शिक्का होता. पन्नाशीच्या त्या चेकरबाई तिथेच कोपऱ्यात उभ्या होत्या. साहेब लगेच त्यांच्याकडे वळले. "बाई, हे तुमचं काम? मी तुमच्यावर भरवसा ठेवला होता."

पवारबाईंनी दादांकडे पाहिलं, मग साहेबांकडे. "मी या गाडीला हातसुद्धा लावलेला नाही, साहेब. परवा तुम्ही माझा शिक्का मागून घेतलात. तो अजून तुमच्या कपाटातच आहे."

साहेबांच्या कपाळावर घाम आला होता. तो दादा अगदी जवळून, निवांत बघत होते.

ते व्हिडिओ दोन दिवसांत सगळीकडे पोचले. मालकांनी गाडी मागे घेतली आणि जुनी प्रकरणं उघडायला लावली. पवारबाईंनी दाखवलेल्या कपाटात जुन्या फायलींखाली दादांचा रजेचा अर्ज मिळाला. साहेबांना घरी बसवलं. साहेबांच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी दादा मला म्हणाले, "मला गेटवर नेऊन सोड." मी मोटारसायकलवरून नेलं. दोन तास उन्हात उभे राहिले. साहेबांची गाडी बाहेर आली, काचेआडून त्यांनी दादांकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"बरं वाटलं?" मी विचारलं.

"लई," दादा म्हणाले. "जेवण गोड लागंल आज."

दुसऱ्या दिवशी भाऊ आणि मी त्यांच्या घरी माफी मागायला गेलो. दादांनी चहा दिला. भावाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुझा राग मला समजत व्हता." माझ्याकडे मात्र बघितलंही नाही. मला वाटलं, हळूहळू निवळेल. नाही निवळलं. त्यानंतर आळीत भेटले की कामापुरतं बोलत, पण आमच्या उंबऱ्याच्या आत त्यांनी पाय ठेवला नाही. भावाच्या मुलाच्या बारशालाही आले नाहीत.

या वर्षी थंडीत त्यांना कावीळ झाली आणि ती वाढत गेली. खोपोलीच्या दवाखान्यात मी दुपारी गेलो, तेव्हा एकटेच होते. मुलगी चंद्रपूरहून निघाली होती, ती संध्याकाळपर्यंत पोचणार होती. डोळे पिवळे, आवाज बारीक. मी उभाच राहिलो.

"नेरळला तू गेलावतास," ते म्हणाले. "मला तवाच कळलंवतं."

मी म्हणालो, "चुकलं माझं, दादा."

"चुकलं तर खरं. साहेबानं माझी नोकरी घेतली, ती त्याच्या पोटासाठी घेतली. तू माझी पोर लांब घालवलीस, ती नुसती मला दुखवायला." थोडा वेळ दम घेतला. "एकदा तरी विचारायचंस मला. समोरचं घर व्हतं."

मी जायला वळलो.

"बस," ते म्हणाले. "पाणी दे. माफ केलं असं समजू नको, पण पोर येईस्तोवर बस."

मी पाणी पाजलं आणि स्टुलावर बसलो. दिवे लागायच्या वेळेला त्यांची मुलगी आली. मला बघून ती दारातच थबकली. मी उठून तिला माझी जागा दिली आणि बाहेर आलो. चौथ्या दिवशी दादा गेले. त्यांना खांदा द्यायला मी पुढे झालो, तेव्हा तिने हाताने मला थांबवलं, आणि मी थांबलो.