दिस किती झाले?

चौसाळ्यातला आमचा मेडिकलवाला कधी काउंटरबाहेर यायचा नाही. मान खाली, आणि प्रत्येकाला एकच सवाल, "दिस किती झाले?" उत्तर ऐकून तो मान वर न करताच औषधाची बाटली पुढं सरकवायचा. मला माणूस तुसडा वाटायचा.

लेकीला ताप आला, अंगावर पुरळ उठलं. माझ्या आईनं गोवर समजून दाराला लिंबाचा पाला बांधला, औषध देऊ दिलं नाही. शेवटी मीच पोरीला कडेवर घेऊन दुकानात गेलो.

"दिस किती झाले?"

"पाच."

त्यानं मान वर केली. बाहेर आला. तिचे लाल डोळे, फुटलेले ओठ, सुजलेली बोटं पाहिली. "जीभ काढ, माय." जीभ लालभडक, दाणेदार.

"मला हा गोवर वाटत न्हाई. कावून थांबलात? असला ताप काळजाच्या नसा धरतो. बाटली देत न्हाई. चला बीडला." त्यानं शटर ओढलं, मोटरसायकल काढली.

डॉक्टरांनी सलाईनमधून औषध चढवलं. वेळेत आलात, म्हणाले. तरी तपासणीत काळजाची एक नस जराशी फुगलेली निघाली.

आता तो विचारतो, "पुढच्या तपासणीला दिस किती राहिले?" मी सांगतो. तो मान खाली घालत नाही, पोरीकडं बघत राहतो. त्या बघण्याचीच मला धास्ती वाटते.