नायिकेचं चुकलं

माघातल्या त्या दुपारी चित्रपटगृहाच्या गार काळोखातून बाहेर पडलो, तेव्हा जालन्याचे ऊन एकदम डोळ्यांत शिरले आणि क्षणभर कोणाचाच चेहरा धड दिसेना. कपड्यांना पॉपकॉर्नचा तुपकट वास चिकटला होता. माझे पती शेवटच्या गाण्याची चाल गुणगुणत होते आणि दिनकरराव गाडीचे दार उघडून उभे होते, नेहमीसारखे हसत.

दिनकरराव परतूरचे. बी-बियाण्यांचे दुकान चालवणारे, विधुर. माझी धाकटी नणंद कुंदा हिच्यासाठी त्यांचे स्थळ आले होते. कुंदाचा पहिला संसार लवकरच मोडला; तेव्हापासून ती अंबडला आमच्याकडे राहत होती आणि कृषी खात्यात नोकरी करत होती. दिनकरराव आले की घराला जणू उजेड फुटे. सासूबाई पोट धरून हसत, माझे पती जेवणाचा आग्रह करत. अंबडच्या कोर्टात जमिनीच्या दाव्याची तारीख होती, म्हणून सहज डोकावलो, असे ते दर खेपेला सांगत. सगळ्यांनी मनातल्या मनात साखरपुडा उरकून टाकला होता. सिनेमाचा हा बेतही त्यांचाच.

सिनेमा हलकाफुलका, प्रेमाचा. त्यातला नायक खोटे नाव, खोटा पेशा सांगून नायिकेच्या घरात शिरतो, थोरामोठ्यांना हसवून आपलेसे करतो आणि ऐन मांडवात खरे सांगून टाकतो. ती तिच्या अबोल डॉक्टर वराला तिथेच सोडून त्याच्याकडे धावते. लोकांनी शिट्ट्या वाजवल्या होत्या. मीही टाळी वाजवली असावी.

गाडी अंबडच्या रस्त्याला लागली. दोन्ही बाजूंच्या मोसंबीच्या बागा बहरावर आल्या होत्या आणि त्या पांढऱ्या फुलांचा गोड, किंचित कडवट गंध खिडकीतून लाटांसारखा आत येत होता. तेवढ्यात मागच्या सीटवरून कुंदा म्हणाली, “मला न्हाई पटलं. त्या पोरीचं चुकलं.”

“मंग काय त्या डॉक्टरसोबत जायला पाहिजे होतं?” दिनकरराव हसत म्हणाले. “तो तर झोपेत बोलल्यासारखा बोलत होता.”

“झोपेत का असंना. खोटं तर बोलत नव्हता.”

“अगं पिक्चर हे तो,” माझे पती म्हणाले. बागांचा गंध तसाच येत राहिला, आणि त्यातला कडवटपणा मला त्या दिवशी प्रथमच जाणवला.

संशय हा असाच असतो. तो बाहेरून येत नाही, आधीपासून घरात असलेल्या वस्तूंवरच त्याची सावली पडते. त्या संध्याकाळी पोळ्या लाटताना मला आठवले की दिनकरराव मागच्या वेळी तारखेसाठी म्हणून आले तो रविवार होता. रविवारी कोणत्या कोर्टाची तारीख असते? मी हळूच कुंदाला तसे सांगितले. ती कणीक मळत होती; तिचे हात थांबले नाहीत.

“मला माहीत हे वहिनी. आईलाबी माहीत हे, दादालाबी. सगळे म्हणतात, तुझ्यासाठीच येतो बिचारा.” मग जरा वेळाने, अगदी सपाट आवाजात, ती म्हणाली, “तिथंबी सगळं खोटं माझ्यासाठीच म्हणून चाललं होतं.”

‘तिथे’ म्हणजे तिच्या पहिल्या घरी. त्या घराविषयी तिने एवढेसुद्धा कधी सांगितले नव्हते.

पुढच्या आठवड्यात ती मला घेऊन एसटीने परतूरला निघाली, कोणालाही न सांगता. शेतांत हरभरा पिवळा पडू लागला होता, परतूरच्या बाजारात कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती आणि हवेत सरकीचा तेलकट, उबदार वास होता. दुकान सापडायला वेळ लागला नाही. समोरच्या चहाच्या टपरीवरून ते नीट दिसत होते, आणि आम्ही तिथेच बसलो.

काउंटरमागचा माणूस मी ओळखलाच नसता. नाकावर चष्मा, कपाळावर आठी. गिऱ्हाइकाशी मोजके बोलणे. एका म्हाताऱ्याने तेच पुन्हा पुन्हा विचारले तेव्हा ते चक्क खेकसले. पण म्हातारा निघू लागला तशी स्वतः पोते उचलून त्यांनी त्याच्या रिक्षात ठेवले, एक शब्दही न बोलता. नंतर डबा उघडून एकटेच जेवत बसले. कुंदा चहा गार करत हे सगळे पाहत होती. माझ्या मनात आले, झाले, आता ही उठेल आणि परतीच्या गाडीला लागेल.

ती उठली, पण रस्ता ओलांडून दुकानात शिरली. मी मागोमाग. आम्हाला पाहताच दिनकररावांनी हात पुसले, चष्मा काढला आणि चेहऱ्यावर ते ओळखीचे हसू आणले. “अरे वा, आज तर आमच्या दुकानाचं नशीब—”

“आत्ता होता तसेच ऱ्हा थोडा वेळ,” कुंदा म्हणाली.

हसू तिथेच थांबले. त्यांनी चष्मा पुन्हा लावला. कुंदा समोरच्या पोत्यावर टेकली, आणि ती दोघे बराच वेळ नुसती बसून राहिली. बाहेर गाड्यांचा गलका चालू होता. शेवटी तेच म्हणाले, काउंटरकडे बघत, “दावा तर कवाच मिटला. तुम्हाला भेटायला येत होतो. सरळ सांगायची लाज वाटली. अन् हसवलं न्हाई तर तुमच्या घरी मला कोण बसू देईल, असं वाटायचं.”

“मला हसवायची गरज न्हाई,” ती म्हणाली. “तुमचा डबा राह्यला, जेवून घ्या.”

चैत्रात त्यांचे लग्न झाले, मोजक्या माणसांत. मांडवात दिनकररावांनी एकही विनोद केला नाही; सासूबाईंना त्याचे वाईट वाटले. माझे पती अजून म्हणतात, बघ, शेवटी नायकच जिंकला. मला मात्र वाटते, कुंदाने दुसऱ्यालाच वरले. तो त्याच देहात राहत होता, इतकेच. पण माणसातला एक निवडला म्हणून दुसरा घराबाहेर थोडाच राहतो?

परवा तिचा फोन आला होता. म्हणाली, आज दिवसभर ते काहीच बोलले न्हाईत. भांडण झाले का, असे मी विचारले. “न्हाई वहिनी,” ती म्हणाली, “बरं चाललंय.” मी फोन ठेवला आणि त्या दोन शब्दांतला तिचा सूर मनात पुन्हा पुन्हा ऐकत राहिले. तो समाधानाचा वाटत होता. शेजारच्या खोलीत माझे पती कोणाला तरी हसवत होते, आणि मला एकाएकी वाटले, इतक्या वर्षांत यांना एकटे असताना, लांबून, असे मी एकदाही पाहिलेले नाही.