थिएटरातलं स्टूल

२ जून. पांढऱ्या एप्रनांचं कापड कापायला घेतलंय. एप्रन म्हटलं की समोरच्या घरातली ती आठवते आणि तिचं वाक्य, "काकू, आधी विचारून ठेवते, म्हणजे नंतर भांडायला नको."

हेंद्रेपाड्यातल्या इमारतीत आमची दारं समोरासमोर. तिचा उजवा पाय जन्मापासून कमजोर, डाव्या हाताला कोपरात अडकवायची कुबडी. शेअर रिक्षात चढण्याआधीच सांगायची, "दादा, कडेची सीट माझी. पाय मुडपत नाही." लग्नाचं आमंत्रण आलं तरी पहिला प्रश्न, "हॉलला लिफ्ट आहे?" तिची आई वैतागायची, "अगं, आधी अभिनंदन तरी कर!"

अशी मुलगी डॉक्टरीला गेली. तुम्हीही असं कुणी पाहिलं असेल, तर ठाऊक असेल, लोक कौतुक भरपूर करतात, खुर्ची मात्र देत नाहीत. वॉर्डात राऊंड तासन्‌तास चालायचा. तिथे तिने टेकायला जागा मागितली, मिळाली. सर्जरीचं पोस्टिंग आलं आणि गाडी अडली. सर्जरीचे सर म्हणाले, "ऑपरेशन थिएटरमध्ये उभंच राहावं लागतं. जमत नसेल तर विचार कर." विचार कसला? हजेरी भरली नाही तर परीक्षेला बसता येत नाही. वर्ष गेलं असतं, कदाचित डॉक्टरीही.

त्याच आठवड्यात ती कॅम्प तीन भागातल्या माझ्या शिवणाच्या कारखान्यात आली. जीन्सबरोबर आम्ही एप्रनही शिवतो. कुबडीने तिची डावी बाही फाटायची, तिथे दुहेरी कापड लावायचं होतं. मी माप घेत होते, पण तिचं लक्ष आमच्या कटिंग मास्तरांकडे. कटिंगचं टेबल उंच असतं, काम उभ्यानेच. मास्तरांची कंबर धरते, म्हणून त्यांनी उंच, तिरक्या बैठकीचं स्टूल वेल्डिंगवाल्याकडून करून घेतलंय.

"चाचा, ये क्या है? बैठे हो या खड़े हो?"

"आधा आधा, बेटी. पैर को आराम, हाथ खुले."

ती कुबडी भिंतीला टेकवून स्टुलावर टेकली. दोन्ही हात मोकळे. माझ्याकडे वळून म्हणाली, "काकू, मला हेच हवंय."

मी लगेच तसंच दुसरं करून घेतलं. वर हौसेने फोम घालून झकास डेनिमची गादी शिवली, दुहेरी टीप मारून. जीन्सवाल्यांना दुसरं काय सुचणार! ती पोट धरून हसली. "काकू, थिएटर आहे, कॉलेजचं कँटीन नाही! रक्त सांडलं तर पुसता यायला हवं." गादी उसवली. वेल्डिंगवाल्याने वर स्टीलचा पत्रा बसवला.

कॉलेजात दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी एक कक्ष असतो. तिथे तिने अर्ज दिला. सरांनी सांगितलं, "आधी करून दाखव." टेम्पोत स्टूल घालून मीच घेऊन गेले. सरावाच्या खोलीत तिला गाऊन, हातमोजे चढवले. मी दाराच्या काचेतून बघत होते.

सर म्हणाले, "बसून सर्जरी होत नाही."

"सर, मी बसत नाहीये. टेकतेय. हात बघा ना."

मग सर हातच बघत राहिले. एका ऑपरेशनला लागेल तितका वेळ तिने चिमटे धरले, गाठी मारल्या, बाजूला उभ्या वर्गातल्या मुलांनी मागितलं ते दिलं. हात हलला नाही. त्या मुलांपैकी दोघं मात्र अधूनमधून एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होते. शेवटी सर म्हणाले, "ठीक आहे. सोमवारपासून थिएटरला ये. स्टूल इथेच राहू दे."

दुपारी कक्षाकडून तिच्या नावाचं, थिएटरात स्टूल वापरायच्या परवानगीचं पत्र मिळालं. संध्याकाळी अख्ख्या मजल्यावर पेढे वाटले गेले. तिचे बाबा अंबरनाथच्या कारखान्यात सुपरवायझर, सरळ माणूस. म्हणाले, "झालं ना मनासारखं? आता जरा गप्प राहा. सरांच्या डोळ्यांवर येऊ नकोस."

ती पेढा खात नुसती हं म्हणाली.

आता ती पास होऊन इंटर्नशिपसाठी होस्टेलवर राहते, समोरचं घर शांत असतं. मला पुन्हा पुन्हा आठवते ती त्या पेढ्यांनंतरची सकाळ. माझा चहा व्हायच्या आत ती एप्रन घालून निघाली होती.

"आज सुट्टी ना गं?"

"सुट्टी विद्यार्थ्यांना, ऑफिसला नाही."

कॉलेजच्या त्या दिव्यांग कक्षात जाऊन तिने पत्र टेबलावर परत ठेवलं आणि म्हणाली, "यातलं माझं नाव काढा. ज्या विद्यार्थ्याला गरज असेल त्याला, असं लिहा. मी थांबते."

आणि पत्र बदलून हातात येईपर्यंत ती तिथेच थांबली.