सरांनी शुद्ध केलेले अण्णा

चार मराठी माणसं परमुलुखात जमली की आधी मंडळ निघतं, मग त्याचे दोन गट पडतात आणि मग किस्से साचायला लागतात. आमच्या चेन्नईच्या मंडळीत अजून गट पडलेले नाहीत, कारण दुसऱ्या गटात बसवायला माणसंच पुरत नाहीत! पण किस्से म्हणाल तर उन्हाळ्यात इडलीचं पीठ फुगावं तसे फुगलेत. झाकण ठेवलं तरी बाहेर येतातच. त्यातले आता सांगतेय ते सगळे एकाच माणसाचे आहेत, सेतुअण्णांचे. हसत हसत सांगायला बसलेय खरी, बघू कुठवर जमतं.

मी सोलापूरची. बँकेच्या बदलीनं मैलापुरात आले आणि इथलीच झाले. सेतुअण्णा तंजावरकडचे मराठी. कैक पिढ्या तिकडेच गेल्या. रेल्वेत कारकुनी करता करता अण्णांनी ऐन तिशीत स्वतःची गाणी लिहिली, चाली लावल्या, स्वतःच पेटीवर म्हटली आणि एक कॅसेट काढली. नाव 'अस्की आमचे'. अस्की म्हणजे सगळे. त्यांच्या घरातला रोजचा शब्द आहे हा.

त्या कॅसेटवर आमची मंडळी जीव टाकायची. इकडे आलेल्या प्रत्येक नव्या मराठी माणसाला ती ऐकवायची, हा आमच्याकडचा रिवाजच होता.

* * *

ती कॅसेट सगळ्यात जास्त कोणी ऐकली असेल, तर भागवत सरांनी. सर चेन्नईजवळच्या आवडी गावच्या डिफेन्स फॅक्टरीतून रिटायर झाले, मूळचे पुण्याचे. आयुष्यात एक दिवस शिकवलेलं नाही, पण लोकांच्या चुका काढतात म्हणून सर!

गाडीत कॅसेट लागली की सरांचे डोळे भरायचे. "काय भाषा आहे! तीनशे वर्षांपूर्वीची मराठी, जशीच्या तशी! याला म्हणतात अस्सल!"

मग एकदा खुद्द अण्णाच आमच्या संक्रांतीला आले. पानं मांडली होती. अण्णा म्हणाले, "अस्की बसा की. बेगी बसा, सार निवतंय."

आमच्यातली नीलिमा फिस्सकन हसली. "अण्णा, हे तमिळ आहे ना?"

"नाही हो. मराठीच. तुम्ही सोडून दिलं, आम्ही ठेवलं."

सगळे हसले. सरांनी मात्र मला बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाले, "माणूस मोठा आहे, पण बोलणं जरा सुधारायला हवं, नाही का?"

कॅसेटमध्ये अस्सल, पंगतीत अशुद्ध! मी तेव्हाच ओळखायला पाहिजे होतं.

* * *

पंचाहत्तरी उलटल्यावर अण्णांनी नवीन गाणी लिहिली. इतक्या वर्षांनी! मला त्यांनी घरी बोलावलं. देवळाच्या तळ्यामागच्या गल्लीत तळमजल्यावर दोन खोल्या. मन्नींनी फिल्टरची काप्पी दिली. मन्नी म्हणजे वहिनी, आम्ही सगळेच त्यांना मन्नी म्हणतो.

अण्णांनी खुर्चीवर बसल्या बसल्या, पेटीबिटी न घेता दोन ओळी नुसत्या बोलून दाखवल्या.

"अस्की गेले, बेगी गेले,
दार लावूं कसं की मी..."

त्यांची सगळी भावंडं गेलीत. अण्णा एकटे उरलेत. मी म्हटलं, "अण्णा, आता हे बाहेर काढा."

तर म्हणाले, "सुनंदा, माझी नातवंडं इंग्लिश बोलतात. मुलगी माझ्याशी तमिळ बोलते. ही मराठी मी आणि ही, दोघंच बोलतो. आमच्या माघारी कोणाला कळायचं हे? एकदा तिकडच्या, महाराष्ट्रातल्या मराठी माणसानं ऐकावं आणि बरं म्हणावं. मग डोळे मिटले तरी चालतील."

तेवढंच हवं होतं त्या माणसाला. पैसा नको, शाल नको, नारळ नको.

मन्नी आतून म्हणाल्या, "म्हणे डोळे मिटले तरी चालतील! आधी गोळी घ्या."

* * *

आल्बम काढायचा ठरला आणि मंडळीला जोर चढला. शिरीषनं वडपळनीत स्टुडिओ शोधला. शिरीष ओरगडमच्या कारखान्यात इंजिनियर. मोठमोठे हेडफोन गळ्यात घालून फिरतो, म्हणून संगीत त्याच्याकडे! भाषा सरांकडे. नको म्हणायची कोणाची टाप?

सर लाल पेन घेऊन अण्णांकडे जाऊन बसले. मीही तिथं होते.

"अण्णा, हे 'बेगी' काय? हिंदी वाटतं."

"माझ्या आज्जीला हिंदी येत नव्हतं, सर."

"तसं नव्हे हो. महाराष्ट्रात लोकांना कळायला नको का?"

"कळलं नाही तर विचारतील की."

"यूट्यूबवर कोण विचारतं, अण्णा! लोक पुढे जातात."

अण्णांची नाडी सरांना बरोबर सापडली. महाराष्ट्रानं ऐकावं हीच तर त्यांची आस होती. मी म्हटलं, "सर, त्यांचं त्यांना राहू द्या की." तर सर म्हणाले, "सुनंदाताई, तुम्ही सोलापूरच्या. तुम्हाला हे चालणारच!"

अस्सा संताप आला होता सांगू! पण अण्णाच म्हणाले, "असू दे. सरांना तिकडचं कळतं."

आणि त्या ओळींचं झालं काय? ऐका.

"सर्वही गेले, सत्वर गेले,
द्वार लावू मी कसे?"

म्हणजे अण्णांच्या भावंडांना सरांनी सरकारी पत्र पाठवल्यासारखं झालं!

* * *

रेकॉर्डिंगला सर काचेपलीकडे ठाण मांडून बसले. तमिळ मुलुखात जन्म गेल्यामुळे अण्णांच्या तोंडी 'घर' जरासं 'गर' येतं, 'भाऊ' जरासा 'बाऊ'. जुन्या कॅसेटमध्येही येतं. त्याच 'बाऊ'वर सर गाडीत रडायचे!

पण इथं? "कट, कट! अण्णा, घर. घ. पोटातून."

"गर."

"घ! घ!"

अण्णा घामाघूम झाले. शेवटी एकदाचं 'घ्घर' आलं, ठसका लागल्यासारखं. सरांनी काचेतून अंगठा दाखवला. गाणं कसं झालं ते त्यांनी ऐकलंच नाही, ते नुसती अक्षरं तपासत होते. शिरीषनं त्याखाली असा धडधड ठेका घातला की मयताच्या घरी लग्नाचा बँड आल्यासारखं वाटावं.

मन्नी फ्लास्क घेऊन कोपऱ्यात बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "या वयात परत पहिलीत घातलंत की त्यांना!"

* * *

आल्बम आला. सरांच्या फ्लॅटवर ऐकायला सगळे जमलो. अण्णा नवीन वेष्टी नेसून, उपरणं घेऊन आले होते. गाणी संपली. जो तो फोन चाळायला लागला. स्वयंपाकघरातून वड्यांचा वास यायला लागला तशी सगळ्यांची सुटका झाली!

"साउंड एकदम क्लिअर आहे हं," शिरीष म्हणाला. त्यानंच केलेला.

"अण्णा, कव्हरवरचा फोटो काय सुंदर आलाय!" नीलिमा म्हणाली.

"उच्चार," सर म्हणाले, "निर्दोष!"

अण्णा एकेकाच्या तोंडाकडे बघत होते. मग म्हणाले, "ते असू दे. परत लावाल का? तेवढं सांगा."

"अहो, रोज लावू!" सगळे एका सुरात ओरडले, आणि सरांनी टीव्हीवर क्रिकेट लावलं.

* * *

पुढचं आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर झालं. नीलिमानं लांबलचक परीक्षण टाकलं. "जुन्या अण्णांची ती मातीतली भाषा कुठे हरवली? 'अस्की आमचे'ची सर या आल्बमला नाही." शिरीषनं लिहिलं, "Agree. ठेका पण जरा जास्तच वाटतो." अरे मेल्या, ठेका तुझाच की!

आणि मग भागवत सर. मी चष्मा पुसून दोनदा वाचलं. "भाषा फार पुस्तकी झाली आहे. पूर्वीचा गोडवा नाही. वयोमानाने प्रतिभा आटते, हे स्वीकारायला हवे."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. लगेच सरांना फोन लावला. "सर, जनाची नाही तर मनाची तरी! पुस्तकी कोणी केली? आणि अण्णा आहेत त्या ग्रुपवर!"

"आहेत का? पण ते कुठं वाचतात, ताई!"

फोन ठेवते न ठेवते तोच ग्रुपवर अण्णांचं उत्तर आलं. दोनच शब्द.

"अस्की वाचलं."

खाली शिरीषनं विचारलं, "अस्की म्हणजे नक्की काय? नवीन ॲप आहे का?"

* * *

दुसऱ्या दिवशी बँकेतून सुटल्यावर तडक अण्णांकडे गेले. म्हटलं, रडत असतील. तर शांतपणे वाटाण्याच्या शेंगा सोलत बसले होते.

"सुनंदा, तुम्ही तरी खरं सांगा. कसा झालाय?"

खोटं बोलवेना. "अण्णा, कॅसेट वेगळीच होती. आवाज थकलाय, त्याचं काही नाही, थकणारच. दोन गाणी तर मुळातच बेताची आहेत. पण बाकीची... ती तुमची वाटतच नाहीत."

मला वाटलं, चिडतील. ते हसले. "शब्द सरांचे. ठेका शिरीषचा. फोटो मुलीनं काढला. माझा काय, मधे मधे येतो तो खोकला!"

मीही हसले. हसता हसता बघते तर मन्नी तोंड फिरवून पदरानं डोळे पुसत होत्या. मग मात्र मला तिथं बसवेना. काप्पी तशीच टाकून उठले. घरापर्यंत चालत गेले आणि वाटेत भागवत सरांना मनात यथेच्छ शिव्या घातल्या. सोलापुरी. अशुद्ध!

* * *

आता शेवटचा किस्सा.

डिसेंबरात मैलापुरात गाण्याचा मोसम असतो, तेव्हा आम्हाला कोणी जिन्याखालीसुद्धा उभं करत नाही. म्हणून आमचा वार्षिक कार्यक्रम मे महिन्यात, जेव्हा हॉल रिकामे असतात आणि माणसं शिजत असतात. यंदा अण्णांचा कार्यक्रम ठेवला. फलकावर लिहिलं होतं, 'अण्णांची अवीट जुनी गाणी'. अण्णांनी विचारलं, "एक नवीन म्हणू का?" सर म्हणाले, "वेळ कमी आहे हो. आणि लोकांना जुनंच हवं असतं."

"बरं," अण्णा म्हणाले.

कॅसेटमधली सगळ्यांच्या आवडीची गाणी झाली. लोक सोबत म्हणत होते. शेवटी अण्णांनी तबलजीला हातानंच थांबवलं. एकटी पेटी, तीही अगदी हळू. आणि सुरू केलं,

"अस्की गेले, बेगी गेले..."

ठेका नाही, घाई नाही. 'घर' आलं तिथं 'गर' म्हणाले. 'भाऊ' आला तिथं 'बाऊ'. आवाज एका ठिकाणी फाटला, तो तसाच फाटू दिला. पंख्याखालचे लोक वारा घ्यायचं विसरले. नीलिमा हुंदके देत होती. माझं तर विचारूच नका. दार लावूं कसं की मी, या ओळीला पुढच्या रांगेत भागवत सरांनी रुमाल काढला आणि तोंडावर धरला.

गाणं संपलं. सर उठले, टाळ्या वाजवत थेट स्टेजवर गेले आणि माईक हातात घेतला.

"बघा! याला म्हणतात भाषा! असं आता लिहून होईल का कोणाकडून? अण्णा, हे कुठल्या कॅसेटमधलं? माझ्या संग्रहात कसं नाही हे?"

अण्णा म्हणाले, "तुमच्याकडंच आहे की, सर. नव्यातलं. तुम्ही खोडलं ते."

सगळा हॉल हसला. सरही हसले. मग अण्णांच्या खांद्यावर हात ठेवून समजुतीच्या सुरात म्हणाले,

"काहीतरीच काय, अण्णा! चाल ऐकल्यासारखी वाटते, म्हणजे जुनंच आहे हे. वयामुळं तुमच्या लक्षात राहिलं नसेल. मला भाषा कळते!"